कॅन्सस मास्तरांची तडजोड

कॅन्सस मास्तरांना फळ्यावर अमेरिका काढायला दीड मिनिट लागायचं. समोर पुस्तक नाही, नकाशा नाही. डावा हात कोटाच्या खिशात, उजव्या हातात खडू. वरच्या कोपऱ्यातून निघायचे, पूर्वेचा किनारा उतरून खालच्या आखाताला वळसा घालायचे आणि पश्चिमेच्या किनाऱ्याने परत वर यायचे. मध्ये खडू उचलायचा नाही. मग मधोमध एक आडवी रेघ मारायची, आणि ती इतक्या जोरात की खडू हमखास मोडायचा. मी भूगोल शिकवणारी. माझ्या अमेरिकेला वीस मिनिटं लागायची आणि तरी ती ओळखावी लागायची. पोरं माझा नकाशा पाहून एकमेकांकडे बघत आणि मला ते दिसे.

साठीचं दशक निम्मं सरलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं आणि आमचे हे ओव्हरसियर म्हणून कऱ्हाडहून इकडे आले. सालवडला आम्ही दोन खोल्या घेतल्या. मी शिक्षिकेचं शिक्षण घेऊन घरी बसलेली, आणि पालघरच्या एका शाळेत जागा रिकामी होती. पहिल्या दिवशी हेडमास्तर ओळख करून देऊ लागले, "हे आपले इतिहासाचे…" तेवढ्यात खिडकीखालून कुणीतरी "कॅन्सस!" असं ओरडून पळालं. मास्तर शांतपणे म्हणाले, "खरं आहे त्याचं. सहामाहीपर्यंत मी कॅन्ससमध्येच असतो."

पुस्तकात या विषयाला अर्धं पान होतं. मास्तर त्याला सहा आठवडे घ्यायचे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम होते, उत्तरेत नव्हते. देश पश्चिमेकडे वाढायला लागला तेव्हा भांडण लागलं, की नव्या मुलखात गुलाम न्यायचे की नाही. आधी पुढाऱ्यांनी नकाशावर रेघ मारली, वर न्यायचे नाहीत, खाली चालतील. पस्तीसेक वर्षांनी तीच रेघ त्यांनी पुसली आणि ठरवलं, की तिथे राहायला जातील त्यांनीच मतं टाकून काय ते बघावं. कॅन्ससमध्ये मतदानाच्या दिवशी शेजारच्या मुलखातून बंदुकवाले आले, मतं टाकून घरी जेवायला परत गेले. मग तिथे रक्त सांडलं आणि पुढे अख्खा देश आपसांत लढला. एवढंच. पण मास्तर ते असं सांगत, की वर्गाला वाटावं कॅन्सस हे केळव्याच्या पलीकडचं स्टेशन आहे.

"गुलामीला एका जागी कोंडलं ना, की ती म्हातारी होते," ते म्हणत. "तिला नवी जमीन दाखवली की पुन्हा तरणी होते. म्हणून भांडण जुन्या घरावरून होत नाही, नव्या जमिनीवरून होतं."

वर्गाचे ते दोन भाग करायचे. खिडकीकडचे बाक उत्तरेचे, दाराकडचे दक्षिणेचे. एका पुढाऱ्याने दुसऱ्याला भर सभागृहात काठीने बडवलं तो प्रसंग एकदा पोरांनी करून दाखवला, आणि दक्षिणेच्या पुढाऱ्याने उत्तरेच्या पुढाऱ्याच्या टाळक्यात खरोखरीच फूटपट्टी हाणली. टेंगूळ आलं. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत. मास्तरांनी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि पाऊण तास कॅन्सस ऐकवलं. गृहस्थ जाताना मलाच विचारत होते, "मग पुढं काय झालं हो त्या लोकांचं?"

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलाही तह शिकवायचा झाला, अगदी आमचा वसईचा तहसुद्धा, की सह्या करणाऱ्यांची नावं झाल्यावर ते विचारत, "आणि ज्याच्याबद्दल हे ठरलं, तो कुठे उभा होता?" उत्तर पुस्तकात नसायचं. पोरं अंदाजाने सांगत, "बाहेर, सर." त्यावर ते मान हलवत आणि पुढच्या धड्याकडे वळत.

आता जान्याविषयी सांगायला हवं. जान्या आमच्या शाळेची घंटा वाजवायचा, पाणी भरायचा, झाडलोट करायचा. शाळेमागच्या पडवीत तो आणि त्याची बायको काशी राहायची. काशी दिवसभर आमच्या अध्यक्षांच्या घरी कामाला. अध्यक्ष म्हणजे भाऊशेठ. गवताच्या वखारी, डोंगराकडे जमिनी, आणि शाळेची जागासुद्धा त्यांच्या वडिलांनी दिलेली. माणूस हसतमुख. चिकूंच्या दिवसांत प्रत्येक शिक्षकाच्या घरी टोपली पाठवणारा. जान्या त्यांनी शाळेला "दिलेला" होता. मला वाटायचं, म्हणजे त्यांनी कामाला लावून दिलेला असेल. खरं तर तो त्यांचा लगनगडी होता. मालकाने गड्याचं लग्न लावून द्यायचं आणि मग गड्याने आणि त्याच्या बायकोने मालकाकडे राबायचं, किती वर्षं ते कुणी बोलायचं नाही. कागदावर ही चाल केव्हाच बंद झाली होती. कागद पालघरला होते, जान्याही पालघरलाच होता, पण त्यांची गाठ पडली नव्हती.

त्या वर्षी नववीत हेमा नावाची मुलगी होती, कारकुनाची मुलगी, प्रश्न विचारणारी. मास्तरांनी रेघ मारली, खडू मोडला आणि ते वळले, तर हिचा हात वर. "सर, मग आपला जान्या?"

मी शेजारच्या वर्गात होते. मध्ये नुसती फळ्यांची भिंत, सगळं ऐकू येई.  मोडका खडू फळ्याखाली ठेवल्याचा आवाज आला आणि मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो." मग तास संपल्याची घंटा झाली. ती जान्यानेच वाजवली.

मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. मी म्हटलं, "मास्तर, पोरं काहीही विचारतात." ते म्हणाले, "काहीही नाही विचारलं तिने. बारा वर्षं मी इथे कॅन्सस शिकवतोय आणि बारा वर्षं तो माझी घंटा वाजवतोय. बाई, लांबचं बोलायला खडू पुरतो. जवळचं बोलायला छाती लागते. माझ्याकडे खडूच होता."

मग ते उठून पडवीत गेले. मीही मागे गेले, का ते ठाऊक नाही. मास्तरांनी सरळ विचारलं, "जान्या, तू शेठचा किती वर्षं आहेस?"

जान्या कचऱ्याची पाटी भरत होता, तो उभा राहिला. "लगीन केला ना मास्तर माजा शेठनी. तवापासून हाय."

"सोडून जायचं मनात आलं तर?"

"कुटं जाऊं? डोंगरात माजा भाव हाय, लखमा. तो पन शेठचाच हाय." असं म्हणून तो हसला. मास्तरांना त्याचं हसणं सोसलं नाही हे मला दिसत होतं.

लखमाचा विषय महिन्याभरात आमच्या दाराशीच आला. तारापूरकडे रस्ते होत होते, वसाहती उठत होत्या आणि खडी कितीही आणा, पुरत नव्हती. भाऊशेठनी बोईसरच्या पश्चिमेला एका टेकाडावर खडीची खाण काढली आणि डोंगरातले आपले चाळीस गडी बायकापोरांसकट तिकडे न्यायचं ठरवलं. मास्तरांना हे कळलं तेव्हा मी पालघर तालुक्याचा नकाशा भिंतीवर टांगत होते. ते त्यासमोर येऊन उभे राहिले. डोंगर उजव्या हाताला, समुद्र डाव्या हाताला. "दिशा बघितलीत बाई?" ते म्हणाले. "गुलामी पश्चिमेकडेच निघाली."

त्यांनी मामलेदारांच्या नावे अर्ज लिहिला. मागण्या तीनच. खाणीवर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर लिहावं. मजुरी ज्याची त्याच्या हातात द्यावी. कुणाला काम सोडून जायचं असेल तर जाऊ द्यावं. अर्ज आमच्या घरी आणून त्यांनी ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "साहेबांच्या कानावर घालतो. खडी घेताना पट दाखवा म्हणता येईल." मास्तरांचा चेहरा त्या दिवशी इतका उजळला होता, की त्यांनी माझ्या हातच्या कऱ्हाडी आमटीचंही कौतुक केलं, जी त्यांना तिखट लागत होती.

अर्ज द्यायच्या आधीच भाऊशेठना सुगावा लागला. रविवारी सकाळी शाळा समितीची बैठक बोलावली गेली. मी शिक्षकांची प्रतिनिधी, म्हणून वृत्तांत लिहायला मी. भाऊशेठ रागावतील असं वाटलं होतं. ते मुळीच रागावले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचा शब्द मी खाली पडू देनार नाय. जान्याला आजपासून मोकळा केला. शाळेचा शिपाई म्हणून नेमा त्याला, पगार शाळा देईल. काशी पन मोकळी. लेखी देतो. तुमी तो अर्ज मागं घ्या. खाणीचं म्हणाल, तर मी कशाला ठरवू? गडी तिथं गेले की त्यांचं त्यांना विचारू. ज्याला आपलं नाव वेगळं लिहून पाहिजे, त्याचं लिहू. मग तर झालं?"

खोलीत सगळे "वा वा" म्हणाले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. हे बोलणं त्यांनी कुठे आणि कितीदा शिकवलंय ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मला वाटलं, ते आता उठतील आणि नाही म्हणतील. दाराशी जान्या चहाचा ट्रे घेऊन उभा होता, कुणी आत बोलावेल याची वाट बघत. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "जान्याचं लेखी आत्ता देता?"

"आत्ता."

अर्ज मागे घेत असल्याच्या ठरावावर मास्तरांनी सही केली. ठराव माझ्या अक्षरात आहे. जान्याला आत बोलावून सांगितलं, तू मोकळा झालास. तो म्हणाला, "बरा." मग विचारलं, "कप नेऊं?"

मग मास्तर आणि मी स्टेशनकडे निघालो. फाटकाशी थांबून ते म्हणाले, "ती चाळीस माणसं मला दिसत नव्हती बाई. जान्या दिसत होता." मी समजूत काढायला म्हटलं, "एका माणसाला तर सोडवलंत." ते म्हणाले, "तिकडे रेघ मारणारेपण घरी जाऊन बायकोला असंच सांगत असतील."

भाऊशेठनी शब्द अगदी पाळला. खाण सुरू झाली त्या आठवड्यात गड्यांना विचारायचा दिवस ठरला, आणि साक्षीला मास्तरांना मुद्दाम बोलावणं धाडलं. सालवडहून जवळ म्हणून मीही गेले. खाणीपाशी ताडाची झाडं होती, त्यांच्याखाली सगळे बसलेले. बायका पलीकडे, पोरं अंगाखांद्यावर. मुकादम उभा राहून म्हणाला, "ज्याला आपला नाव येगला लिवायचा हाय त्यानं हात वर करा." त्याच्यामागे शेठची दोन माणसं नुसती उभी होती. हातात काही नाही, तोंडात पान.

कोणी हात वर केला नाही. दुसऱ्या रांगेत जान्यासारख्याच चेहऱ्याचा एक तरुण गडी होता. त्याचा हात मानेपर्यंत आला, तिथे खाजवल्यासारखं करून खाली गेला. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "तो लखमा." परत येताना ते म्हणाले, "कॅन्सस बरं म्हणायचं बाई. तिथली मतं खोटी होती. ही खरी होती."

दिवाळीनंतर सुरुंग लावल्यावर सैल झालेली दरड खाली आली आणि लखमा तिच्याखाली गेला. हे आम्हाला जान्याकडून कळलं. तो शिक्षकांच्या खोलीत कधी आत येत नसे, दाराशीच थांबे. त्या दिवशी सरळ आत आला आणि मास्तरांच्या टेबलापाशी उभा राहिला.

"मास्तर, माजा भाव खाणीवर होता का नाय?"

"होता. मी बघितला होता त्याला."

"मुकादम बोलतो, नवताच. दोन दिसांआदी डोंगरात गेला बोलतो. पटावर नाव नाय बोलतो." जान्या रडत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. "तुमी लिवता ना मास्तर? मग लिवा कुटंतरी. लखमा होता म्हणून."

मास्तरांनी समोरची उत्तरपत्रिका ओढली, मागे कोरी होती, तिच्यावर लखमाचं नाव लिहिलं. पण ते कुणाला द्यायचं, हे त्यांना कळेना. अर्ज तर त्यांनीच मागे घेतला होता.

चार दिवसांनी जान्या पुन्हा आला. घंटेचा हातोडा त्याने टेबलावर ठेवला. लखमाचा मुलगा बारा वर्षांचा होता. बापाच्या जागी त्याला खाणीवर लावायचा निरोप आला होता, लखमाच्या लग्नाचं कर्ज फिटलं नव्हतं म्हणून. "त्याला नेतील," जान्या म्हणाला. "तवा मी जातो त्याच्या जागी."

"अरे, तू मोकळा आहेस!" मास्तर ओरडले. मग आवाज उतरवून ते त्यांच्या गावच्या, माकुणसारच्या घरच्या बोलीत आले, शाळेत ती त्यांनी कधी काढली नव्हती. "तू नको जाऊं रे जान्या. तुजा कागद हाय माज्यापाशी."

"मी मोकला हाय मास्तर. घर नाय ना मोकला."

दुसऱ्या दिवशी तो आणि काशी गेली. पश्चिमेला. पुढचा आठवडाभर घंटा मास्तरांनी वाजवली, कारण दुसरा शिपाई मिळेना, आणि ती नेहमी उशिरा होई.

पुढच्या वर्षी नववीला त्यांनी पुस्तकातलं अर्धं पान एका तासात वाचून दाखवलं. पोरं फळ्याकडे बघत राहिली. कुणीतरी धीर करून विचारलं, "सर, नकाशा?" ते म्हणाले, "नकाशा पुस्तकात आहे." मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. एका माणसाच्या हातून चूक झाली म्हणून त्याने खरं ते शिकवणंच सोडावं, हे मला पटलं नाही. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "शिकवून झालं बाई." आणि वार्षिक परीक्षा होताच त्यांनी राजीनामा दिला.

आम्हाला वाटलं, घरी बसतील, भात लावतील. पण ते रोज सकाळी गाडीने बोईसरला उतरून चालत खाणीच्या रस्त्यापर्यंत जाऊ लागले. तिथे मोरीच्या कठड्यावर शंभर पानी वही घेऊन बसत आणि खाणीवर जाणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारत. कोणी सांगत नसे. माणसं खाली मान घालून पुढे जात. मुकादम येऊन हसून गेला, एकदा शेठच्या माणसांनी वही फाडली. मास्तरांनी दुसरी घेतली. कुणीतरी वेड लागलं म्हणालं आणि ते सगळीकडे झालं. पंधरा-वीस दिवसांनी जान्या त्यांच्यापुढे थांबला. "लिवा," म्हणाला. "जान्या. आनि लखमा. लखमा आता नाय, तरी लिवा." त्यानंतर काशीने सांगितलं, मग बाकीच्या बायकांनी. पुरुष मागाहून आले.

पावसाळा संपता संपता ते सालवडला माझ्या घरी आले. हे कामावर गेले होते. मास्तर खूप वाळले होते, कोट खांद्यावरून उतरत होता. पण डोळ्यांत ती पूर्वीची, खडू मोडायच्या आधीची चमक होती. त्यांनी वही जमिनीवर ठेवली. "आता वर, सरकारकडे पाठवायची बाई. नुसत्या नावांना कोणी विचारत नाही, साक्षीदार लागतो. लखमाला तिथे बघितलेले लिहिता-वाचता येणारे आपण दोघेच. तुम्ही ताडांखाली होतात. सही कराल?"

भाऊशेठची खडी साइटवर यायची आणि तिच्या पावतीवर ह्यांची सही असायची. आमच्या दोन मुली लहान होत्या. माझी नोकरी भाऊशेठच्या शाळेत. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात उभं राहिलं, आणि मी म्हटलं, "यांना विचारून सांगते."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "सांगा." मग त्यांनी सावकाश चहा घेतला, धाकटीच्या पाटीवर तिला एक मासा काढून दिला आणि वही काखेत मारून गेले.

रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं. हे आमटी ओरपत म्हणाले, "तुझं तू ठरव." मला वाटलं होतं, हे नको म्हणतील आणि मी सुटेन. मी काही ठरवलंच नाही. आज करू, उद्या करू म्हणत दिवस काढले, आणि तेवढ्यात ह्यांच्या बदलीचा हुकूम आला. सामान टेम्पोत भरून निघालो तेव्हा मोरीवर मास्तर बसलेले दिसले. त्यांनी मला ओळखलं, हातातलं पेन वर केलं. मी टेम्पो थांबवायला सांगितला नाही.

मास्तर त्यानंतर दीड-दोन वर्षांत वारले. हेमाने पत्राने कळवलं. वही त्यांनी एकट्याच्या सहीने वर पाठवली होती, तिचं पुढे काय झालं ते तिलाही माहीत नव्हतं. शेवटी शेवटी चाळीसही घरांची नावं पुरी झाली होती, असं तिने लिहिलं होतं, बायकांची, पोरांचीसुद्धा. त्यात जान्या आहे, काशी आहे, लखमा आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मात्र त्यांनी शेवटपर्यंत कोरी ठेवली होती. ती माझी होती.